कमी पाण्याचं घर

“बघा, धार तीच, पाणी अर्धं!” जाळीवाल्या काकांनी नळ सोडून दाखवला.

घरची सून तोंड वाकडं करून म्हणाली, “काका, या धारेखाली भांडी घासता घासता मीच सासू होईन हो!”

काका हसले. शहराच्या पाणीखात्याची ‘पाणी वाचवा’ मोहीम चालू होती आणि ते नळांच्या तोंडाला मोफत जाळ्या बसवत घरोघर फिरत. दात घासताना नळ बंद ठेवा, गळका नळ कळवा, हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. “अभिनंदन! तुमच्या वस्तीत सगळ्यात कमी पाणी कुणाकडे लागतं, ठाऊक आहे? तुमच्याकडे! उद्या सकाळी ‘आदर्श घर’ची पाटी लावायला येतो.”

“साहेब, माझं घर नको. दुसरं कुणाचं तरी बघा.”

“लाजता काय? कोरडे पाषाण असं तरी कुणी म्हणणार नाही तुम्हाला!”

काकांनी फोन ठेवला. त्यांच्याकडे पाणी कमी लागत होतं, कारण कामावर निघताना ते दाराबाहेरचा मेन कॉक बंद करून त्याच्या पेटीला कुलूप लावत. काकूंसाठी आत एक बादली भरलेली असे, बस.

मुलगी गेल्यापासून काकू सारखे हात धूत असत. इस्पितळात मुलीच्या खोलीच्या दाराशी नर्स रोज बजावायची, “हात धुऊन आत या.” तरी शेवटी जंतुसंसर्ग झालाच. तो आपल्याच हातांनी आत गेला, हे काकूंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. डॉक्टर झाले, औषधं झाली, समजूत काढून झाली. हातांची सालं निघून रक्त यायला लागलं, तेव्हा काकांनी कुलूप आणलं. त्याची त्यांना रोज लाज वाटे, आणि रोज ते कुलूप लावत.

सकाळी पाहुणे यायच्या आत काकांनी पेटीचं कुलूप काढून आत फडताळावर ठेवलं. साहेब आले, फोटोवाला आला, शेजारीपाजारी बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. काकू टॉवेलात हात गुंडाळून भिंतीशी उभ्या होत्या.

“वहिनी, सांगा की सगळ्यांना,” साहेब म्हणाले. “एवढंसं पाणी पुरवता तरी कसं?”

“तिला चारचौघांत बोलायची सवय नाही साहेब,” काका घाईघाईने म्हणाले.

पण काकू बोलल्या. “मी कुठे वाचवते? हे जाताना पाणी बंद करून जातात. बाहेरून. कुलूप लावून.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. मग साहेब खो खो हसले, आणि त्यांच्यामागून सगळेच.

“आमच्या ह्यांनाही शिकवा हो काका,” शेजारीण म्हणाली. “निदान दाढी करताना तरी नळ बंद करतील!”

काकांनी हसायला नको होतं. पण ते हसले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

“पाटी दोघांनी धरा,” फोटोवाला म्हणाला. काकूंनी टॉवेल बाजूला ठेवून हात पुढे केले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “पाटी थोडी खाली घ्या. हात झाकले जातील.”

पाटी ठोकली गेली ती नेमकी कॉकच्या पेटीवर. “आता पहिला नंबर सोडायचा नाही हं!” असं बजावून साहेब गेले. घर रिकामं झालं.

“मी सांगून टाकलं,” काकू म्हणाल्या. “तुम्हीही हसलात.”

काका म्हणाले, “आजपासून उघडंच ठेवतो.”

“आणि मी दिवसभर नळाशी उभी राहू?”

“मी रजा घेतो.”

“किती दिवस घ्याल?” काकूंनी बादली भरून घेतली. फडताळावरचं कुलूप उचललं आणि आपल्या सोललेल्या हातांनी त्यांच्या तळहातावर ठेवलं. “जा. उशीर होतोय.”

काका बाहेर आले. आत नळ सोडल्याचा आवाज आला. त्यांनी डोळे मिटून कॉक फिरवला. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली.

थोड्या वेळाने काकूंनी तो कोरडा नळ घट्ट बंद केल्याचं त्यांना बाहेर ऐकू आलं. मग काकांनी कुलूप लावलं.