मामाची जागा

पडद्यावरच्या अंगदच्या पोटातून मांडवाचा बांबू आरपार दिसत होता. स्वप्नालीने माऊस सोडला आणि खुर्ची मागे सरकवली. डोकं जागेवर होतं, फेटा होता, मिशाही होत्या. गळ्याखाली मात्र सदऱ्याच्या जागी बांबू, त्याला बांधलेली आंब्याची डहाळी आणि मागून बादली घेऊन जाणारा एक वाढपी.

शेजारी स्टुलावर बसलेला खरा अंगद पुढे वाकला.

"आन माझं पोट कुठं गेलं, ताई?"

"सदरा निळीत घातला होता का?"

"घातला ना. कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं म्हणून बायकोला म्हणलं, नीळ जरा सढळ टाक."

स्वप्नालीला हसू आवरेना. अंगदच्या मागे धरलेली चादर निळी होती, आणि निळं दिसेल ते सगळं पुसून टाक, असं तिने कॉम्प्युटरला सांगितलं होतं. त्याने सांगितलेलं इमानाने केलं होतं.

मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाटोद्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. लग्नाच्या शूटिंगचं दुकान स्वप्नालीच्या वडिलांचं, बसवेश्वरआप्पांचं. दोन व्हीसीआर जोडून कॅसेटा जुळवण्यात त्यांची सोळा वर्षं गेली, मग कॉम्प्युटर आला, आणि बी.एस्सी. होऊन घरी आलेली स्वप्नाली त्याच्यासमोर बसली. नव्या आवृत्तीत काय काय आहे ते ती रोज एकेक करून तपासत होती आणि वहीत लिहून ठेवत होती. जुन्यात चित्रांची एकच पट्टी होती. एक प्रसंग संपला की दुसरा जोडायचा, मध्ये फार तर बदामाचा आकार उघडायचा. नव्यात एकावर एक अशा दोन पट्ट्या होत्या. वरच्या पट्टीतला एक रंग काढून टाकला की त्या जागी खालची पट्टी दिसायची. वहीत तिने या ओळीपुढे लिहिलं होतं, 'उपयोग काय?'

उपयोग सोमवारी बाजारच्या दिवशी दुकानात चालत आला होता.

दीड महिन्यापूर्वी अंगदच्या भाचीचं लग्न झालं. सरपंचापासून दूध सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची नावं माईकवर पुकारून सत्कार झाले आणि नवरीच्या सख्ख्या मामाचं नाव राहून गेलं. अंगद उठला, फटफटीला किक मारली आणि निघून गेला. राग निवल्यावर अर्ध्या वाटेतून परत फिरला, तोवर अक्षता पडल्या होत्या. नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, ती जागा रिकामीच राहिली होती. नवरीची आई बबिता, अंगदची थोरली बहीण, त्या वेळी मांडवात नव्हती. लेकीचं लग्न लागताना आईने बघायचं नसतं. ती घरामागे तुळशीला पाणी घालत होती. संध्याकाळी तिने विचारलं, "उभा होतास ना रे पोरीच्या पाठीशी?" आणि अंगद म्हणाला, "मग? दुसरं कोण राहणार?"

आता गुरुवारी बबिता कॅसेट न्यायला येणार होती.

"हे बघ अंगद," आप्पा सोमवारीच म्हणाले होते, "मी लोकांची भांडणं कापली, पिऊन नाचणारे कापले, एकदा तर नवरदेवाची जांभई कापली. पण नसलेला माणूस आजवर घातला न्हाई."

"मग आता घाला की. मशीन नवीन हाय म्हणता."

"मशीन नवीन हाय बे. मी जुनाच हाय."

अंगदने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आप्पा, माय गेली तवा मी चार वर्षांचा होतो. आक्कानं कडेवर घेऊन शेरडं राखली. तिनं आयुष्यात मला एकच काम सांगितलं, पोरीच्या पाठीशी उभा राहा म्हणून. तेवढं बी झालं न्हाई माझ्याच्यानं."

आप्पांनी स्वप्नालीकडे पाहिलं, मग चहा सांगायला बाहेर गेले. चहा आला, पण त्या विषयावर ते परत काही बोलले नाहीत. ते न बोलणं म्हणजे होकार, हे स्वप्नालीला लहानपणापासून माहीत होतं.

नीळ न घातलेला सदरा बुधवारी आला. मंडपवाल्याकडून हिरवा पडदा आणला. मधल्या वेळात स्वप्नालीने आणखी एक गोष्ट हेरली होती. कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावून तिने मांडवाच्या बांबूची सावली मोजली. मुहूर्त बारा पस्तीसचा असला तरी सावली वेगळंच सांगत होती. लग्न दोनच्या पुढे लागलं होतं. ऊन-सावली जुळावी म्हणून दुकानामागच्या अंगणात तिने अंगदला बरोबर सव्वादोनला उन्हात उभं केलं.

"वीस सेकंद पुरेत, मामा. हलू नका."

आप्पांनी टेपवर मंगलाष्टका लावल्या. तशी गरज नव्हती. पहिलं 'सावधान' आलं आणि अंगद एकदम ताठ झाला. वीस सेकंद झाली, स्वप्नालीने कॅमेरा बंद केला, तरी तो हात जोडून उभाच. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. पाची मंगलाष्टका संपल्या तेव्हाच त्याने हात खाली घेतले.

संध्याकाळी स्वप्नालीने त्याला चित्रात नवरीच्या मागे, करवलीच्या शेजारी बसवलं. आप्पा पाठीमागे येऊन उभे राहिले.

"पाय जमिनीला टेकले न्हाईत त्याचे."

तिने चित्र बोटभर खाली घेतलं.

"अजून थोडा. हां. आन करवलीच्या मागं घे जरा. मामा कधी करवलीच्या पुढं नसतो."

गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने बबिता आली. पिशवीतून तिने शेंगांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची नको म्हणाली आणि सतरंजीवर बसली. घरी टीव्ही होता, पण लाईटचा भरवसा नव्हता. इथंच एकदा सगळं बघून मग न्यायचं होतं. हळदीला ती मनापासून हसली. नवरदेवाचे काका घोड्याला घाबरून लांबूनच चालले होते, ते तिने पुन्हा लावायला सांगितलं.

मंगलाष्टका सुरू झाल्या आणि सवयीने तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग आपलंच तिला हसू आलं आणि तिने हळूच मान वळवली.

"थांबव गं जरा."

स्वप्नालीने चित्र थांबवलं. बबिता उठून पडद्याजवळ गेली. आधी तिने लेकीला पाहिलं, बराच वेळ. मग तिचं बोट लेकीच्या खांद्यावरून मागे सरकलं.

"अंगद हाय ह्यो."

"हो."

"आमच्या तुळशीपासून रस्ता दिसतो. त्याची फटफटी जाताना बघितलती म्या. तांब्या हातातच राहिला माझ्या."

दारात चहा घेऊन आलेले आप्पा तिथेच थबकले. स्वप्नालीने माऊसला हात घातला.

"काकू, चुकलंच माझं. काढून टाकते त्यांना. पाच मिनिटांचं काम आहे."

"कावून काढायचं?" बबिता वळली. "दीड महिना त्यानं माझ्याकडं नजर वर करून बघितलं न्हाई. काल सांजच्याला आला तर दारातूनच हसत. मला वाटलं, ह्याला काय घबाड घावलं का काय. राहू दे त्याला तिथं. फकस्त मला ठावं हाय म्हणून सांगू नको. लई हळवा हाय तो. दिसायला तेवढा रेडा."

तिने चहाचा कप घेतला, पण प्यायली नाही. पडद्यावर चित्र तसंच थांबलेलं होतं.

"दुसऱ्या कुणाला बी घालता येतं का यात?"

"येतं."

"मला?"

आप्पा खाकरले. "बबिताबाई, अक्षता पडताना आईनं..."

"न्हाईच बघितलं की म्या, आप्पा. त्या टायमाला पाठ करून उभी होते. आता पोरगी गेवराईला नांदती हाय, सुखात हाय. आता बघितलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

आप्पांनी कप खाली ठेवला आणि आतून हिरवा पडदा आणला.

बबिताने पदर नीट केला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. स्वप्नालीने घरातून मूठभर तांदूळ आणले, कुंकू लावून तिच्या ओंजळीत दिले. अंगणात पडद्यापुढे बबिता उभी राहिली. हात वर गेला आणि तिथेच अडला. समोर न्हाणीची भिंत होती आणि वाळत घातलेले कपडे.

"पोरगी कुठं उभी हाय? मला काय दिसंना."

स्वप्नालीने कॅमेरा आप्पांच्या हातात दिला. ती बबितापुढे चार हातांवर जाऊन उभी राहिली, मान खाली घालून.

"इथं, काकू."

बबिताने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिचा हात थांबला नाही. तांदूळ स्वप्नालीच्या केसांवर पडले, काही मानेवरून आत गेले.

"झालं का, आप्पा?" स्वप्नालीने मान तशीच खाली ठेवून विचारलं.

कॅमेरा अजून सुरू झालेला नव्हता. आप्पांनी दोनदा डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला.

"पुन्हा एकदा टाका, बबिताबाई," ते म्हणाले. "माझ्याकडूनच राहिलं."