वाढीव काम

एस.टी.च्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून तीस वर्षं काढून शालिग्राम नाना निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी बेबाबाई गेल्या. एरंडोलच्या घरात नाना एकटे उरले. लेक कुंदा सुरतेला. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती लिहायची, घर विकून टाका आणि इकडे या. दीड वर्ष नानांनी त्या ओळीला उत्तर दिलं नाही. एक्क्याण्णवची दिवाळी त्यांनी दुकानातल्या चिवड्यावर काढली, आणि भाऊबीज उलटल्यावर स्वतःच मगन दलालाकडे गेले.

मगनने घर आतून-बाहेरून पाहिलं. भिंती पक्क्या आहेत, पण आहे या रूपात हे घर कोणी घेणार नाही, असं त्याने समजावलं. आता नोकरदार माणसं घरं घेतात. त्यांच्या बायकांना उभ्याने स्वयंपाक करायला ओटा लागतो, संडास घरातच लागतो, शहाबादीच्या जागी मोझॅकच्या फरशा लागतात. एवढं करून घ्या, मग गिऱ्हाईक आणायचं माझ्याकडे लागलं.

काम नूर महंमद मिस्त्रीला दिलं. माणूस पन्नाशीचा, बोलणं कमी, हात साफ. त्याच्याबरोबर निंबा नावाचा एक बिगारी. दोघे आठाला यायचे, म्हणून नाना साडेसातलाच चहाचं आधण ठेवू लागले. दुपारी ते पडवीत भाकरी सोडायचे. तिसऱ्या दिवशी नानाही आपलं ताट घेऊन त्यांच्यापाशी जाऊन बसले. बेबाबाई गेल्यापासून घरात खानावळीचा डबा येत होता. त्या आठवड्यात नानांनी पहिल्यांदा स्वतः वांगी भाजून भरीत केलं. मीठ जास्त झालं होतं, तरी नूर महंमदने दोनदा मागून घेतलं.

ओट्याचं काम निघालं तेव्हा त्याने उंची विचारली. घरातल्या बाईच्या मापाने ठेवतात, म्हणाला. नाना आठवू लागले. बेबाबाई आपल्या खांद्याला लागायची, एवढं पक्कं. पण उभी राहून काम करताना तिचा हात कुठे यायचा, ते काही डोळ्यांपुढे येईना. तिने जन्मभर पाटावर बसून आधी चूल सांभाळली, मग स्टोव्ह. गुडघे धरल्यावर तिने ओट्याची गोष्ट दोन-तीनदा काढली होती. नाना दर वेळी म्हणाले होते, बघू पुढे.

नाना भिंतीवर हाताने अंदाज घेत राहिले, तसं नूर महंमद म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मी आम्हनी जैनबना मापनं ठेवस."

जैनब त्याची बायको. तिच्या मापाने ओटा उभा राहिला.

महिन्याच्या आत ठरलेलं काम संपलं. संध्याकाळी निंबा घमेली धुऊन एकात एक रचू लागला, तसे नाना उठून त्याच्यापाशी गेले. पडवीत एक फडताळ हवं, ते अचानक म्हणाले, गिऱ्हाईक पाहील तर विचारेल. फडताळ झालं. मग स्वयंपाकघरात एक खिडकी काढली. मग न्हाणीचा उतार नीट नाही म्हणून तो पुन्हा करवून घेतला. मगनने दोनदा निरोप धाडला की माणसं घेऊन येऊ का. नानांनी दोन्ही वेळा कळवलं की थोडं काम बाकी आहे. इकडे पडवीतलं जेवण चांगलं तासभर लांबायला लागलं होतं. निंबाच्या म्हशीला किती दूध आहे आणि जैनबचा भाऊ कुठे कामाला लागला, हे नानांना आता ठाऊक झालं होतं.

एका सकाळी नाना म्हणाले, फडताळ बरं दिसत नाही, बुजवून टाका.

नूर महंमदने हातातली थापी खाली ठेवली.

"नाना, बठ्ठं काम व्हई गयं. आते आठे काहीच बाकी नही शे." हात पुसत तो म्हणाला, "भडगावले एक घर उघडं पडेल शे. मालक पंधरा दिनपासून मन्ही वाट देखी ऱ्हायना."

"मंग आधी का बरं नही सांगं?"

"तुम्ही आम्हनासाठे च्या ठेवतस. तोंड उघडे ना."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भडगावच्या त्या माणसाची बायकामुलं छपराशिवाय थंडीत कशी राहत असतील, हेच त्यांच्या मनात येत राहिलं. त्यांनी मजुरी चुकती केली, निंबाच्या हातात घरच्या लिंबांची पिशवी दिली आणि दोघांना रस्त्यापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी आधण ठेवलं ते तीन कपांचं. लक्षात आल्यावर दोन कप पाणी ओतून दिलं.

मग मगन पहूरच्या एका मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, लताबाईंना, घेऊन आला. लताबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या, त्यावर दोन्ही हात टेकवून पाहिले आणि नवऱ्याला म्हणाल्या की अगदी बरोबर उंची आहे. माप कुणाचं ते सांगावं म्हणून नाना पुढे झाले, तोवर ती दोघं पुढच्या खोलीत गेली होती. आठ दिवसांत व्यवहार झाला.

जायच्या आधी मिस्त्रीला सांगावं म्हणून नाना एस.टी.ने भडगावला गेले. घर विचारत विचारत पोचले, तर तिथे स्लॅबचा दिवस होता. बाया-माणसं रांगेने घमेली वर देत होती. नूर महंमद वर होता. त्याने नानांना पाहिलं, हसला आणि हातानेच थांबायला सांगितलं. नाना समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुपारी घरमालकाने आळीपाळीने मजुरांच्या पंगती मांडल्या आणि नानांनाही ताट दिलं. मिस्त्रीचे कोण लागता, त्याने विचारलं.

"कोणी नाही," नाना म्हणाले. "त्यांनी माझं घर केलं."

नूर महंमद काही जेवायला उतरला नाही. स्लॅब अर्ध्यावर सोडता येत नाही. पाचची गाडी चुकली असती, म्हणून नानांनी पाणी प्यायला आलेल्या निंबाला सांगितलं की घर विकलं, गुरुवारी सुरतेला निघतो, मिस्त्रीला सांग. निंबाने मान डोलवली आणि तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

गुरुवारी सकाळी नानांनी मगनच्या हाती किल्ली दिली आणि धरणगावहून सुरतेची पॅसेंजर पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. अमळनेर येईपर्यंत बाकावर शेजारी कोणी बसलं नाही.