शिंप्याच्या भिंतीवरचा तिरपा टाइप

मी तिरपा टाइप बोलतोय. नाही, छपाईत चूक झालेली नाही. मी जन्मापासूनच असा, जरा पुढे झुकलेला.

कुणा कारागिरानं एक देखणं हस्ताक्षर समोर ठेवून माझे साचे कोरले. म्हणून माझ्या अंगात लिहित्या हाताची लगबग आहे. अक्षरांच्या टोकांना बारीक पाय आहेत. काहींचे शेंडे शेजाऱ्याच्या अंगावर जातात आणि छपाईच्या चौकटीत फार आवळलं की मोडतात. सरळ टाइप हा माझा थोरला भाऊ. पानंच्या पानं तोच ओढतो. मला बोलावतात ते एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तेव्हाच.

आमच्या छापखान्यात मालक अक्षरांचे खिळे जुळवतो आणि त्याची मोठी बहीण प्रुफं तपासते. मालकाच्या डोळ्यांत मी सलायचो.

"ताई, याला वितळवून सरळ टाइप ओतून आणू. नुसती जागा अडवतो."

"आधी तू पाठ सरळ करून बस, मग त्याला बोल."

एवढ्यावर माझं मरण पुढे ढकललं जायचं.

एकदा शेजारचा शिंपी दुकानात लावायच्या सूचना छापून घ्यायला आला. "सगळा कागद तिरपाच करा. नाजूक दिसतो." मालकानं माझा खण रिकामा केला. आयुष्यात पहिल्यांदाच अख्खा कागद माझा! मी हवेतच होतो.

कागद माप घेण्याच्या जागेसमोर लागला. थोड्याच दिवसांत शिंपी तणतणत आला. हातात सदरा, त्याचा एक खांदा वर, एक खाली.

"हे वाचायला गिऱ्हाईक मान वाकडी करतं आणि मी तसंच माप घेतो! एकाची आई विचारून गेली, माझ्या पोराला झालंय तरी काय?"

"ऐकलंस, ताई? उद्याच भट्टीत घालतो याला."

"उद्या कशाला? आजच घाला," शिंपी म्हणाला.

ताईंनी चष्मा पुसला. "सगळेच शब्द ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं? कागद सरळ टाइपात कर. शेवटची एकच ओळ याच्यात घे."

"कुठली?"

"सरळ उभे राहा."

मालक मोठ्यानं हसला. पण ताईंपुढे त्याचं काय चालणार? त्यानं निमूट जुळवलं.

मी भिंतीवर जीव मुठीत धरून होतो. गिऱ्हाइकं वरच्या ओळी भराभर वाचत, माझ्यापाशी थबकत आणि ताठ होत. खांदे जागेवर आले. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच शिंपी पुन्हा छापखान्यात हजर.

"आता लोक पोटसुद्धा आत घेतात हो! विजारी कमरेला बसेनात!"

माझी शाई वाळली. मालकानं माझ्या खणाकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"त्याला मात्र टाइप जबाबदार नाही," तो हळूच म्हणाला.

पहिल्यांदाच तो माझ्या बाजूनं बोलला.

आता माझ्या खणावर धूळ बसू नये म्हणून तो झाकण घालतो. मला जुळवताना पाठही सरळ ठेवतो. माझं मागणं एवढंच आहे: मला थोडं वापरा, पण मनापासून वापरा. आणि आवळताना शेंडे सांभाळा.