जमनाची हळद

चौसष्ट साली सातपाटीत कुणाला माशाचा काटा रुतला की जमनाची हळद लागायची. हळद कुटायची तिची सून वत्सला. एके दिवशी गोठ्याच्या दारात वत्सलाच्या हातून डबा सांडला. सासूच्या शिव्या नकोत म्हणून तिने शेणामातीसकट हळद गोळा करून पुन्हा डब्यात भरली.

चार दिवसांनी तिच्या नवऱ्याचा, नवशाचा, पाय शिंपल्याने खोल कापला. जमनाने जखमेत तीच हळद दाबून भरली. वत्सला बघत राहिली.

आठव्या दिवशी नवशाची दातखीळ बसली, पाठ कमानीसारखी वाकली. पालघरच्या डॉक्टरने जखम पाहिली आणि सगळ्यांदेखत जमनाला सुनावलं, "धनुर्वात आहे. तुझ्या हळदीत घाण होती, म्हातारे. तूच मारलंस पोराला."

"माजी हळद चोख हाय," जमना म्हणाली आणि सुनेकडे वळली. "सांग ना गो यांना."

वत्सलाने पदर तोंडाला लावला. "मला काय ठाव नाय, आये."

दोन दिवसांनी नवशा गेला. त्यानंतर गावात कुणी जमनाच्या हातचं पाणीही घेईना. ती उंबऱ्यावर बसून स्वतःचे हात हुंगत राहायची. मासळीची पाटी घेऊन निघालेली वत्सला तिला ओलांडून जायची.