तीन मोजेपर्यंत

आमच्या डेपोत मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेचं तोंड मी आठवीनंतर पाहिलं नाही, पण नवा ड्रायव्हर आला की त्याला महिनाभर माझ्या शेजारी बसवतात, म्हणून मास्तर. तीस वर्षं ट्रक चालवतोय आणि शिकवण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. डावीकडे वळायचं असलं की डाव्या आरशात बघायचं आणि मनात तीन मोजायचं. एकला आपल्याच गाडीचं अंग दिसतं, दोनला फुटपाथ. सायकलवाला दोनपर्यंत दिसतच नाही. तो तीनला पुढे सरकतो आणि आरशात येतो.

गेल्या वर्षी कंपनीने प्रत्येक केबिनमध्ये एक डबा बसवला. काळा, पंज्याएवढा, एक डोळा रस्त्यावर आणि एक आपल्या तोंडावर. पुढची गाडी जवळ आली की बोंबलतो, रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की बोंबलतो, डुलकी लागली की बोंबलतो. इथवर माझी तक्रार नाही. एकदा त्याने मला खरंच जागं केलंय, खोटं कशाला बोलू? पण मान दोन सेकंदांपेक्षा जास्त वळली की त्यातली बाई गोड आवाजात म्हणते, "कृपया समोर बघा," आणि आपली चित्रफीत थेट ऑफिसात जाते. माझ्या बायकोनेही जन्मात मला इतक्या वेळा समोर बघायला सांगितलं नव्हतं.

ऑफिसबाहेर डब्याने दिलेल्या गुणांची यादी लागायची. मी शेवटून पहिला. "मास्तरच नापास!" म्हणून पोरं खिदळायची. मॅनेजरसाहेबांनी तीनदा बोलावलं.

"साहेब, मी आरशात बघत असतो हो. डुलक्या काढत नाही."

"बघा की, पण लवकर बघा. वरून विचारतात मला. आणखी एक महिना असाच गेला तर तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल."

लवकर बघा! सायकलवाल्याला कुणी सांगायचं, की बाबा रे, जरा लवकर दिस?

त्याच महिन्यात माझा जावई आमच्या डेपोत कामाला लागला. घरी तो जावईबापू, अहो-जाहो. केबिनमध्ये चढला की अरे-तुरे. तोही घरीदारी मला मामाच म्हणायचा. हात चांगला होता त्याचा, गाडीला दुखवायचा नाही. पहिल्या दिवशी मी त्याला तीन मोजायला शिकवलं. चार दिवसांनी मुलगी आली ती तणतणतच.

"बाबा, ह्यांना तुमचं ते तीन शिकवू नका. रोज तक्रार जातेय ह्यांची. तुमची नोकरी होत आली, आमचं आत्ता कुठे सुरू होतंय."

मी तिला खडसवायला हवं होतं. मी शेपूट घातली. दुसऱ्या दिवशी वळणावर जावयाला म्हणालो, "दोन पुरे." त्याने माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. मास्तर सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार? तीन महिन्यांत त्याचा फोटो यादीच्या डोक्यावर लागला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. मी तळालाच होतो, पण नवी पोरं शिकवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून साहेब नुसता दमच देत राहिले.

मग गोदामाच्या कोपऱ्यावर, भर दुपारी, लख्ख उजेडात, तो डावीकडे वळला आणि लाँड्रीत कामाला निघालेली एक बाई सायकलसकट मागच्या चाकाखाली आली. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जावई दवाखान्यात गेला तेव्हा तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आरशात मी दिसले नाही का?" घरी येऊन त्याने मला ते सांगितलं आणि दोन दिवस तो जेवला नाही.

आठवड्याने कंपनीची चौकशी लागली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला जावई मान खाली घालून. मॅनेजरसाहेब, आणि डबा बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. त्यांनी त्या दुपारची चित्रफीत लावली. जावयाची मान वळते, दोन मोजून परत समोर येते. डबा चूप. त्याच्या लेखी सगळं छान चाललं होतं.

साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. 'प्रशिक्षणात चालकास आरशात पूर्ण खात्री होईपर्यंत पाहण्यास शिकवले होते. चालकाने ते पाळले नाही.' खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

"हा पोलिसांकडे जाईल," साहेब म्हणाले. "तुमच्यावर काही येणार नाही, मास्तर. शेवटी गाडीची जबाबदारी ड्रायव्हरचीच असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ह्यांनी आमच्या माना मोजल्या आणि आता जबाबदारी ड्रायव्हरची!

"माझ्या चित्रफिती लावा," मी म्हणालो.

"त्यांचा इथे काय संबंध?"

"लावा म्हणतो ना! शेकड्यांनी साठवल्यात. त्याच कोपऱ्यावरची एक लावा."

इंजिनियरने शोधून लावली. माझी मान डावीकडे. एक. दोन. "कृपया समोर बघा." मी बघत नाही. तीन. मग मी ब्रेक दाबतो, थांबतो, आणि रस्त्याच्या चित्रात डावीकडून एक सायकल निवांत पुढे निघून जाते. खाली लाल अक्षरं: लक्ष विचलित.

मग तो इंजिनियर हळूच म्हणाला, "इंडिकेटर चालू असताना बाजूला बघण्याची सूट देता येते. ती सोय आहे यात."

"आहे? मग?"

"तुमच्याकडे ती सुरू केलेली नाही. कुणी मागितली नव्हती."

मी साहेबांकडे पाहिलं. तीनदा ह्याच माणसासमोर उभा राहून घसा कोरडा केला होता मी! ते बाटलीचं झाकण फिरवत होते. त्या क्षणी ती बाटली त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली, हे मी लपवणार नाही.

पण माझा राग तिथे संपत नव्हता. तो फिरून माझ्यावरच यायचा. साहेबांना वळण ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी पेन घेतलं, त्यांचा मजकूर आडवा खोडला आणि खाली माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं: 'तीन मोजायचे असतात. कंपनी तीनला परवानगी देत नव्हती म्हणून मी याला दोन शिकवले. नोकरीच्या भीतीने शिकवले.' आणि सही केली.

"मास्तर, हे तुमच्या अंगावर येईल," साहेब म्हणाले.

"येऊ द्या. माझंच आहे."

जावई पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "मामा, बघायला मीही हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हणालो. खोटा दिलासा त्याला नको होता आणि मला द्यायचा नव्हता.

मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन मी सांगितलं होतं, बाबा." मी म्हणालो, "शिकवलं मी." ती रडायला लागली, आणि मला फोन ठेवता येईना.

निर्णय होईपर्यंत मला गाडीवरून उतरवलंय. पण चौकशीच्या दिवशीचा माल भरून तयार होता आणि दुसरा ड्रायव्हर नव्हता, म्हणून तेवढी एक खेप मलाच करायला लावली. गरज पडली की मास्तर पास! गोदामाच्या कोपऱ्यावर इंडिकेटर दिला, डाव्या आरशात पाहिलं आणि मोठ्याने मोजायला लागलो. एक. दोन. "कृपया समोर बघा." "गप बस गं!" मी ओरडलो. तीन.

आरशात कुणी नव्हतं. बहुतेक वेळा नसतंच.