एकही शब्द गाळायचा नाही

हनोख रोहेकर बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात चारशे माणसांना क्वालिटी शिकवायचा. तेव्हा घरातल्या नऊ वर्षांच्या पोरीला, ईराला, किद्दूश शिकवायला असं काय लागतं, असं त्याला वाटायचं. खरंच, फारसं काही लागत नव्हतं. फक्त त्याला स्वतःला तो येत नव्हता.

शुक्रवारी दिवे लागले की ज्यू घरातला कर्ता माणूस मनुकांच्या सरबताचा पेला उचलतो, हिब्रूतून किद्दूश म्हणतो आणि मग शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, सुरू होतो. रोह्याला हे पप्पा करायचे. हनोख शेजारी उभा राहून नुसते ओठ हलवायचा, आणि ह्या कामात त्यानं पोरवयापासून बरीच तयारी केली होती. पप्पा गेले, मग बसवनगुडीतल्या त्याच्या घरी शुक्रवार म्हणजे ट्रॅफिक, एवढंच उरलं.

आता आई येणार होती, पप्पांचा चांदीचा पेला घेऊन. फोनवर तिनं साफ सांगितलं होतं, "ज्या घरी किद्दूश होतो तिथं हा राहील. नाहीतर तुझ्या भावाकडे, बेन्झीकडे इस्रायलला पाठवते."

तो पेला हनोखला हवा होता, अगदी लहान पोरासारखा हवा होता. "अगं आई, ईराला मी स्वतः शिकवतोय," तो ठोकून मोकळा झाला.

थाप मारली खरी, पण निस्तरायची कशी? मोबाईलमध्ये त्यानंच केलेलं पप्पांच्या किद्दूशचं एक रेकॉर्डिंग होतं. पप्पा गेल्यापासून त्यानं ते कधी पुरतं ऐकलं नव्हतं. पहिल्या दोन शब्दांतच गडी बंद करून टाकायचा. तेच त्यानं ईराच्या हवाली केलं आणि मोठा धर्मगुरू असल्यासारखा म्हणाला, "आजोबा म्हणतात तस्सं पाठ करायचं. एकही शब्द गाळायचा नाही. हा आपला वारसा आहे."

"सरी," ईरा कानडीतून 'बरं' म्हणाली.

शुक्रवारी आई टेबलाच्या टोकाला बसली. ईरानं दोन्ही हातांनी पेला धरला आणि सुरुवात केली. पोरगी अडखळली नाही की थांबली नाही. आजोबांचा हेल जसाच्या तसा. आईनं पदर डोळ्यांना लावला. हनोख कौतुकानं फुगला आणि सवयीनं ओठ हलवू लागला.

मध्येच ईरा त्याच हेलात म्हणाली, "हनोख, तो मोबाईल खाली ठेव. नुसते ओठ हलवतोस, म्हणत का नाहीस रे," आणि पुढची हिब्रू ओळ धरून शेवटपर्यंत गेली.

हनोखचे ओठ अर्धवट उघडेच राहिले.

"बाबांनीच सांगितलं होतं, एकही शब्द गाळायचा नाही," ईरा म्हणाली.

आई हसू लागली. हसता हसता तिला रडू आलं, नि बराच वेळ ते थांबेना. "अगदी ह्यांचाच आवाज," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं पेला ईराच्या हातातून घेतला आणि हनोखपुढे धरला.

"म्हण."

"आई, मला येत नाही गं." पन्नाशीला टेकलेला माणूस पहिल्यांदा खरं बोलला.

"ते ठाऊक आहे मला. ईरा सांगेल, तू मागून म्हण. मोठ्यानं."

ईरानं पहिला शब्द सांगितला. हनोखनं पेला घट्ट धरला आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हटला.