पुलावर अडकलेली बस

बाबा बसचालक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बस चालवायला लागले. जन्मभर ज्या कामाच्या नावाने बोटं मोडली, तेच काम बिनपगारी करायला मिळाल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की आईला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

बस अर्थात संगणकातली. संगणक दादाचा. कॉलेजात असताना त्याने तो 'अभ्यासासाठी' घ्यायला लावला होता. आत लाल-निळे दिवेही बसवून घेतले होते, कारण अंधारात अभ्यास डोक्यात शिरत नाही. पुढे नोकरीसाठी परगावी जाताना त्याने त्यात बस चालवायचा खेळ टाकून दिला, एक जुनं स्टिअरिंग जोडलं आणि आईबापांचे सगळे उपकार फेडल्याच्या थाटात निघून गेला.

बाबा खेळत नसत. बाबा ड्यूटी करत. सकाळी दाढी करून, बूट घालून बसत. चपला घालून गाडी चालवायची नसते, मग ती गाडी आईच्या इस्त्रीच्या टेबलाला आवळलेली का असेना. त्यामुळे आमच्या घरात इस्त्री फक्त बाबांच्या साप्ताहिक सुट्टीला व्हायची. हो, साप्ताहिक सुट्टीही ते घेत.

मग त्या खेळात नवा मार्ग आला. घाट, धुकं, नदीवरचा लांबलचक पूल. बाबा हरखून गेले. संगणक मात्र त्या पुलावर चढला की धापा टाकायचा. चित्र गोठायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत बस कठड्याला टेकलेली असायची. प्रवासी नाराज, बाबांचे गुण वजा.

"सबंध नोकरीत एक मेमो नाही मला," बाबा स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाले. "आणि आता घरात बसून मिळतोय!"

"अहो, खेळ आहे तो," आई म्हणाली.

"हे त्या प्रवाशांना जाऊन सांग."

हे प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मी इस्पितळात एक्स-रे काढते. माणसाच्या आतलं जिला दिसतं तिला डब्याच्या आतलंही दिसणार, असा घरच्यांचा ठाम समज. मी दादाला फोन लावला.

"सोपं आहे गं," तो म्हणाला. "मदरबोर्ड बदल, प्रोसेसर बदल, रॅम बदल, ग्राफिक्स कार्ड बदल. आणि हो, कॅबिनेटही बदलून टाक."

"मग जुनं काय राहिलं?"

"दिवे ठेव की."

आईने नव्या मिक्सरसाठी साठवलेल्या पैशांतले अर्धे मंजूर केले. दादाने सांगितलेल्या पहिल्याच वस्तूचं खोकं तेवढ्या पैशांत नक्की आलं असतं. रिकामं.

मी संगणक उचलून चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण कुठलंही यंत्र उघडलं की तो नातेवाइकांना बोलावून घ्या असा चेहरा करतो. त्याने झाकण काढलं. आत धुळीचं चांगलं जाडजूड घोंगडं झालं होतं.

"वय किती?"

मी सांगितलं.

"मग आता सेवा करा," तो म्हणाला. पण बजेट ऐकल्यावर त्याला माझी दया आली असावी. धूळ झटकून त्याने जुन्या मालातली एक रॅमची पट्टी बसवली, घरघरणारी हार्ड डिस्क काढून तळहाताएवढी नवी डिस्क लावली आणि म्हणाला, "सुरू पटकन होईल. पण चित्र अडखळतं ते कार्डामुळे. नवं तुम्हाला झेपायचं नाही. कोणाचं वापरलेलं मिळतं का बघा."

वापरलेलं मिळालं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'लग्न ठरल्यामुळे विकणे आहे.' बाबांना मी घरी थांबा म्हणाले, तर ते माझ्या आधी बूट घालून दारात उभे.

विकणारा एक ढेरपोट्या विमा एजंट निघाला. कार्ड त्याने टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारी त्याची होणारी बायको हाताची घडी घालून बसली होती.

"किती चाललंय?" बाबांनी विचारलं.

"फक्त शनिवार-रविवार, काका."

"कागदावर आमच्या डेपोतल्या गाड्याही नव्याच असायच्या."

त्याने ते आपल्या संगणकावर चालवून दाखवलं. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. पण मी आमचा आकडा सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. "काका, याच्या दुप्पट तर..."

"द्या त्यांना," होणारी बायको म्हणाली. "आजच न्या तुम्ही. आणि परत आणू नका."

त्याने टॉवेलासकट कार्ड बाबांच्या हातात दिलं. निघताना बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या अपघाताला हळहळावं तसा.

घरी आल्यावर कळलं की कार्ड आमच्या कॅबिनेटपेक्षा लांब आहे. आत जुन्या डिस्कसाठी पत्र्याचा पिंजरा होता, तो आड येत होता. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सेवाकाळात मेकॅनिकला कधी करू न दिलेली सगळी घाई स्वतः करून तो पिंजरा उपटला. एक स्क्रू कुठे गेला ते अजून कोणाला माहीत नाही. कार्ड बसलं. बाबा बसले. बस सुटली, घाट चढली, धुक्यातून पुलावर आली, आणि खट्.

आता बस पुलावर अडकत नव्हती. आता बस, पूल, नदी, सगळंच एकदम विझत होतं.

"वीज पुरत नाही त्याला," डॉक्टरने फोनवर सांगितलं. "पॉवर सप्लाय मोठा घालावा लागेल."

बजेट संपलं होतं. मी पुन्हा दादाला फोन केला.

"चांगल्या कंपनीचा घे," तो म्हणाला. "यात काटकसर करायची नसते." लांबून बोलणाऱ्या माणसाचा हात किती मोकळा असतो!

बाबांनी बूट कपाटाखाली सरकवले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. जाहिरातींसकट सगळं वाचायचे. दाढीही एक दिवसाआड व्हायला लागली. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक कापडाला इस्त्री झाली, पडद्यांनाही. आई मात्र काही केल्या खूश दिसेना.

"मिक्सरचे उरलेले घे," ती मला हळूच म्हणाली. "जुना अजून फिरतोय."

"आई, जुना ओरडतो नुसता."

"मग काय झालं? हेही ओरडायचे. आता ओरडत नाहीत, तेच सहन होत नाही मला."

पैसे घेऊन मी मागच्या दाराने निघाले आणि दाराला अटकाव म्हणून ठेवलेल्या वस्तूवर माझा अंगठा असा आदळला की डोळ्यांपुढे दादाचे लाल-निळे दिवे चमकले. शिव्या घालत ती उचलली. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला काळा, जडशीळ डबा. पिशवी सोडली तर आत वायरींचा कोरा जुडगा.

"आई, हे काय?"

"ते होय? दादाच्या पलंगाखाली होतं. जड आहे म्हणून लावलं. दार आपटत होतं ना वाऱ्याने."

पॉवर सप्लाय होता. मोठा. न वापरलेला. मी दादाला तिसरा फोन लावला.

डब्याचं नाव काढताच त्याने घसा खाकरला. "हां, ते होय... फीच्या पैशांबरोबर याचेही मागून घेतलेले मी तेव्हा. मग बसवायचं राहूनच गेलं. परीक्षा आली."

"म्हणजे अभ्यास आडवा आला."

"बाबांना सांगू नकोस."

"स्पीकर चालू आहे," बाबा म्हणाले.

डॉक्टरने डबा तपासला, ठणठणीत निघाला, आणि त्याने तो जरा नाराजीनेच बसवून दिला. रुग्ण वाचला की त्याचा मूड जातो. आता वायरींमुळे कॅबिनेटचं झाकण लागत नाही, पण बाबा म्हणतात, त्यांच्या निम्म्या गाड्यांचं बॉनेट दोरीनेच बांधलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करून बसले. आई खुर्ची ओढून शेजारी. बस घाट चढली, पुलावर आली आणि सरसर पार झाली. बाबांनी श्वास सोडला. पलीकडे एक थांबा होता. बाबांनी दार उघडलं आणि थांबले.

"चला की," आई म्हणाली. "कोणी चढत नाहीये."

"अजून वेळ व्हायचाय."

"अहो, मला स्वयंपाक आहे."

"मग उतर."

आई उतरली नाही. तेवढ्यात दादाचा फोन आला, कसं चाललंय विचारायला. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"त्याला सांग," ते म्हणाले, "ड्यूटीवर असताना मी फोन घेत नाही."